सहा जणांची गाडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आधी माफी. या वहीतलं मागचं पान गेल्या जूनमधलं आहे आणि त्याच्या शेवटी मी ‘आता रोज लिहिणार’ असं ठासून लिहिलं आहे. ‘रोज’च्या खाली रेघसुद्धा ओढली आहे. आज त्या रेघेचीच जास्त लाज वाटली. मधल्या काळात फार काही घडलं म्हणून लिहिलं नाही, असंही नाही. दिवस नुसते अंगावरून गेले. ऑफिस, धाकट्याचा दात, थोरलीचं गणित, सासूबाईंच्या गोळ्या, आणि पाठ टेकली की दिवा बंद.

आता जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. आमच्या तपासणीच्या खोलीत या वेळी कुणी नसतं. मी आणि ओळीने मांडून ठेवलेले वजनकाटे. दुकानांतून, कारखान्यांतून येणारे काटे बरोबर आहेत की नाहीत ते बघायचं आणि शिक्का मारायचा, हे माझं काम. वीस वर्षं तेच केल्यामुळे असेल, कुणी काही बोललं की मला ते आधी तोलून बघावंसं वाटतं. घरच्यांना या सवयीचा वैताग येतो. मलाही येतो.

लिहायचं कारण म्हणजे बाबांचा फोन.

“गाडी घ्यायची म्हणतोय.”

“का, आहे ती बिघडली का?”

“बिघडली नाही. पुरत नाही.”

बाबा अठ्ठ्याहत्तरचे, आई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. घरात दोघंच. आहे ती छोटी गाडी बाजारात आणि दवाखान्यात जाऊन येते, बाकी अंगणात झाकून ठेवलेली. ती पुरत नाही!

“मोठी बघ,” बाबा म्हणाले. “ती उंच असते ना, तीन ओळींची. तसली.”

मी म्हटलं, आईला द्या. मला वाटलं आई तरी ताळ्यावर आणेल. रिकाम्या खोलीत दिवा दिसला तर घरभर बोलत फिरणारी बाई. तर आई म्हणाली, “घेऊ दे गं त्यांना. चांगली ऐसपैस घेऊ दे. तू बघून दे म्हणजे झालं.”

मी बघून देईन म्हटलं. नाही म्हणायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आईकडे गेले. स्वयंपाकघरात आम्ही तिघं. मी विचारलं, “गाडीत बसणार किती जण, ते आधी सांगा. त्यावर सगळं ठरतं.”

“सहा,” बाबा म्हणाले.

“सात,” मी म्हटलं. “आम्ही पाच आणि तुम्ही दोघं.” आम्ही पाच म्हणजे मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई.

“सहा पुरे,” बाबा म्हणाले.

आई भांडी विसळत होती. मान न वळवता म्हणाली, “सहाच की. सात कुठून आणलेस?”

मला हसू आलं. “दोघांनी मिळून एक माणूस हरवलंत.” पण त्यांच्यापैकी कुणी हसलं नाही.

मग बाबांनी खिशातून टेप काढली. पन्नास वर्षं शिवणकाम केलं त्यांनी, दुकान विकूनही बरीच वर्षं झाली, पण टेप अजून खिशात असते. त्यांना माणसं चेहऱ्याने कमी आणि मापाने जास्त लक्षात राहतात. “तुझं मला माहीत आहे. जावयाचंही माहीत आहे. पोरं वाढताहेत, त्यांना दोन-तीन इंच जास्तीचे धरायचे. विहीणबाईंचं नाही माझ्याकडे. गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती, आणि बसल्यावर खुर्चीपासून डोक्यापर्यंत किती, एवढं आणून दे.”

“बाबा, गाडी विकत घ्यायची आहे, शिवायची नाही.”

“विकत घेतलेलं अंगाला बसत नाही म्हणूनच लोक माझ्याकडे यायचे.”

निघताना त्यांनी विचारलं, “तुझ्या फाटकातून मोठी गाडी आत जाईल ना?”

“आमच्या जाईल. तुमच्याच फाटकाचा प्रश्न आहे. तो खांब आहे ना मध्ये.”

“ते बघू,” बाबा म्हणाले. स्वतःच्या फाटकाबद्दल एवढी बेफिकिरी! माझं मात्र तीनदा विचारून घेतलं. म्हणजे आता दर रविवारी येणार बहुतेक. येऊ देत. पण दर रविवारी सात जणांचं जेवण करायचं या विचाराने परत येताना खांदे दुखायला लागले, हेही लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंना मापांचं सांगताना मी निम्मी जमिनीत गेले होते. त्या उलट टुणकन उठून उभ्या राहिल्या. “घे की! तुझे वडील मला कोट शिवताहेत का? सैल शिवा म्हणावं. या वयात मला अंगाबरोबर काही चालत नाही.”

मी गाडीचं सांगितलं. सहा आणि सातचा घोळही सांगितला, गंमत म्हणून. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, मी गुडघ्यापाशी टेप धरून खाली.

“सहा म्हणाले?” त्यांनी विचारलं. “त्यात मी आहे?”

“तुमचं तर माप मागितलंय.”

“हं,” त्या म्हणाल्या. मग एकदम, “ती आरामखुर्ची देऊन टाकायची का गं कुणाला? नुसती जागा अडवते.”

ती सासऱ्यांची खुर्ची. आजवर तिच्यावर कुणी ओला टॉवेल टाकला तरी घर डोक्यावर घेत. मी म्हटलं, बघू. या घरात एका वेळी एकच मोठी वस्तू हलवायची ताकद आहे माझ्यात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिली शोरूम. आत गेल्या गेल्या थंडगार आणि गुळगुळीत. आई माझा दंड धरून चालत होती. तिथली मुलगी चटपटीत, पण गोड.

“काका, ड्रायव्हिंग सीटवर बसून बघा ना.”

“मला नको. हिला बसव. हीच चालवणार.” ही म्हणजे मी. आणि बाबा तडक मधल्या दाराशी.

मग जे सुरू झालं ते बघून मुलगी गोंधळली. बाबा आईला आत बसवत, तिचे गुडघे किती वाकतात ते बघत, पायरी किती उंच ते मोजत. “उतर. परत चढ. दुखलं?” आई उतरली की ती बाबांना ढकलून बसवी. “पाय लांब करा. उजवा. तो आखडतो तुमचा. डोकं लागतंय का वर?” बाबा म्हणत, “माझं राहू दे.” आई म्हणे, “माझंच राहू दे.” स्वतःसाठी म्हणून कुणीच बसेना. दाराशी दोघांची अशी धक्काबुक्की चालली होती की मुलीने मला हळूच विचारलं, “मॅडम, गाडी नक्की कुणासाठी?”

मी म्हटलं, “मलाही कळत नाही.”

शेवटी आईला मधल्या ओळीत बसवून बाबांनी टेप लावली आणि मुलीला म्हणाले, “माझ्या मागे ही नीट बसली पाहिजे. माझ्या मागे हिची आबाळ व्हायला नको.”

“ड्रायव्हरच्या मागची सीट ना, काका?”

बाबा जरा थांबले. “हो. तीच.”

एक कळलं नाही. चालवणार मी असं म्हणायचं आणि परत ‘माझ्या मागे’? आणि आई आयुष्यभर पुढे, त्यांच्या शेजारी बसत आली आहे. पंखा कर, काच घे, हळू चालवा, असं सगळं तिथून चालतं. तिला आता एकदम मागे का? मी तसं म्हटलंही, “बाबा, आई पुढेच बसेल. मागे कशाला?”

“बरं,” म्हणाले आणि टेप गुंडाळायला लागले. चेहरा मात्र उतरला.

चालवून बघितली. प्रत्येक वळणावर डुलते. धाकट्याने फोटो बघून तिचं नाव ‘बोट’ ठेवलं आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज दुसरी. ही चौकोनी, सरळसोट. मुलांच्या भाषेत ‘पेटी’. पायरी कमी उंचीची, दाराशी धरायला भक्कम कडी, मधल्या ओळीत दोन सुट्ट्या खुर्च्या आणि मधून मागच्या ओळीकडे जायला वाट. सीट दुमडा, सरकवा, ही कसरत नाही. आई त्या वाटेने अगदी मागपर्यंत जाऊन आली आणि नवलाने म्हणाली, “हे बरं आहे की, घरात फिरल्यासारखं.”

पण ही सहा जणांची. मी म्हटलं, यातच मधे सलग बाक असलेली सात जणांची मिळते. विक्रेत्याने ती दाखवलीही. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. “सहाची छान आहे.”

“बाबा, सातवा माणूस कुठे बसेल?”

“कोण सातवा?”

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, “सहांची सुटसुटीत आहे. कशाला उगीच बाक?”

“शाळेचे गणवेश शिवताना आत कापड सोडायचात ना तुम्ही? मूल वाढेल म्हणून? मग इथे एक जागा जास्तीची घ्यायला काय हरकत आहे?”

“ते वाढणाऱ्यांसाठी,” बाबा म्हणाले. “कमी होणाऱ्यांसाठी नाही सोडत कुणी.”

काय उत्तर आहे हे? परत येताना मला कसंतरीच व्हायला लागलं. आधी गंमत वाटत होती. आता नाही. तीनदा विचारलं, तीनदा तेच. रोजच्या माणसांची मोजणी चुकते आहे, आणि चुकते आहे हे त्यांना कळत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात म्हातारपणातल्या विसराळूपणाबद्दल वाचत बसले. वाचू नये ते सगळं वाचलं. आकडे चुकणं हे लवकर दिसणारं लक्षण म्हणे. बाबा तीन वर्षांपूर्वी गॅस चालू ठेवून बाजारात गेले होते. आईने परवा मला धाकट्याच्या नावाने हाक मारली. मीही रोज मारते, पण ते वेगळं. की नाही वेगळं?

नवऱ्याला सांगितलं. तो पेपर वाचत होता. “दोघांना एकदम आणि अगदी सारखंच कसं होईल?”

बरोबर बोलला खरं तर. आमच्या कामात दोन काटे सारखीच चूक दाखवायला लागले की आम्ही काट्यांना हात लावत नाही. त्यांच्यावर ठेवलेलं वजन आधी तपासतो. पण माणसं म्हणजे काही काटे नव्हेत. पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्यांच्या चुकाही एकसारख्या होत असतील. शनिवारी मीच बघते काय ते.

सासूबाईंनी आज खोली आवरायला काढली आहे. ट्रंका बाहेर, जुनी लोकर बाहेर, आणि आरामखुर्ची शेजारच्या घरी गेलीसुद्धा. मी कामावरून आले तर दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. काय भूत संचारलंय कळत नाही. नेमकं आत्ताच कशाला, असं मनात आलं. बोलले नाही. पण आपटून आपटून ट्रंका रचल्या, म्हणजे बोलल्यासारखंच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज फार वाईट वागले. टाळाटाळ न करता लगेच लिहून टाकते.

बाबा अंगणात जुनी गाडी पुसत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आज वार कोणता. त्यांनी सांगितला. तारीख? सांगितली. मग म्हटलं, “शंभरातून सात सात वजा करत या बरं.” का, असं त्यांनी विचारलं नाही. फडकं पिळत म्हणाले, “त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट...” आणि थांबले. माझ्याकडे वळून बघितलं.

“मला काट्यावर ठेवलंस?”

“तसं नाही बाबा...”

“मग कसं? शिक्का मारणार आहेस की परत पाठवणार?”

मी म्हटलं, “तुम्ही सहा म्हणता. प्रत्येक वेळी. मला काळजी वाटते.”

ते काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलेलं मी बघितलं. पण बादली उचलून नळाकडे निघून गेले. आत आईने सगळं ऐकलेलं.

“काय गं हे? त्यांचं डोकं अगदी शाबूत आहे. पाय आखडतो, रात्री खोकतात आणि अंडंसुद्धा धड उकडता येत नाही, पण डोकं शाबूत आहे. माझ्या मागे त्यांना कुणी असं तपासलेलं मला चालायचं नाही हं. सांगून ठेवते.”

“तुझ्या मागे नाही गं आई. पुढे विचारायचं झालं तर तुझ्यासमोरच विचारेन.”

तर तिने चहाचं भांडं खाली काढलं आणि म्हणाली, “दमलीस तू. चहा घेतेस?”

मी शब्द दिला तरी तिचं समाधान झालं नाही. नक्की काय ऐकायचं होतं तिला?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांना फोन केला. आधी क्षमा मागितली. ते म्हणाले, असू दे. मग मी जे ठरवलं होतं ते सांगून टाकलं: एवढी मोठी गाडी या वयात तुम्हाला झेपणारी नाही, अंगणात मावणार नाही, दोघांना तिची गरज नाही. छोटी, गिअर न बदलावे लागणारी घ्या. आम्हाला भेटायला या, आम्ही येऊ, सगळ्यांनी एकाच गाडीत बसलं पाहिजे असं थोडंच आहे.

“म्हणजे मोठी नको, असं तुझं म्हणणं?”

“हो. मला तरी तिचा काही उपयोग दिसत नाही.”

“तुला दिसत नाही.”

“नाही.”

“बरं,” बाबा म्हणाले.

इतक्या सहज! मी तयारीने बसले होते, एकेक मुद्दा लिहून. फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. मग हलकं का वाटलं याचा विचार करत बसले आणि दुपारभर कामात लक्ष लागलं नाही. बाबांचा ‘बरं’ दोन तऱ्हेचा असतो. गिऱ्हाईक ‘नको, असंच राहू द्या’ म्हणालं आणि बाबांना माहीत असलं की ते काखेत काचणार आहे, तेव्हाचा एक. आजचा तो होता.

१ मार्च, शनिवार

थोडं सावकाश लिहायला हवं. मुलं पोहायला गेली आहेत, मी तलावाबाहेर गाडीत बसले आहे. दुपारी जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. नाहीतर नंतर मी त्याला सरळ करून टाकेन.

सकाळी छोट्या गाड्यांच्या शोरूमला गेलो. बाबांनी टेप खिशातून काढलीच नाही. दाखवेल ती चांगली. रंग? कुठलाही. आई कोपऱ्यातल्या सोफ्यावर पर्स मांडीवर घेऊन, बस येईपर्यंत थांबल्यासारखी बसली होती. मी एकटीच दारं उघडत-मिटत होते.

परत येताना त्यांचीच गाडी मी चालवत होते. बाबा शेजारी, आई मागे. मोठ्या चौकात लाल दिवा लागला. मागून आई म्हणाली, स्वतःशीच म्हटल्यासारखं, “मग यात सहा जण कसे बसणार?”

मी खरंच थकले होते. म्हटलं, “आई, सात! सात माणसं आहेत. एकेक करून सांग मला. कोण कोण?”

“तू,” आई म्हणाली. “जावई. दोन मुलं. विहीणबाई. आणि हे.”

“आणि तू?”

तिने मांडीवरची पर्स जवळ ओढली.

शेजारून बाबा वळले. पट्टा लावलेला, त्यामुळे पुरते वळता येईना, तरी वळले. “आणि हे म्हणजे? मी?”

“मग दुसरं कोण?”

“मी कसा? पाच ही माणसं, आणि सहावी तू. मी तुला मोजलं होतं.”

“मला? आणि तुम्ही कुठे होतात?”

“मी नव्हतो.”

“का?”

“का म्हणजे काय? वयाने मोठा कोण आहे?”

“म्हणून आधी नंबर लावून ठेवलात? मला न विचारता?”

“तू विचारलंस का मला?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात!”

“म्हणालोच असतो! अंधारात तुला एकटीला झोप लागत नाही. वाऱ्याने खिडकी हलली तर मला उठवतेस. मी नसताना कुणाला उठवणार होतीस?”

“आणि तुम्ही? मोजे कुठल्या खणात असतात ते तरी माहीत आहे का? मी पायरी बघितली ती तुमच्या पायासाठी. कडी बघितली ती तुमच्यासाठी.”

“कडी मी तुझ्यासाठी बघितली!”

दिवा हिरवा झाला होता. मागे भोंगे वाजत होते. माझा पाय ब्रेकवरून निघेना. मला हसू येत होतं आणि डोळ्यांना नीट दिसतही नव्हतं. कशीबशी चौक ओलांडून गाडी कडेला घेतली.

तीन आठवडे ही दोघं एकच आकडा म्हणत होती आणि दोघांनाही कळलं नव्हतं की दोघांचे सहा वेगळे आहेत. मला तर सातच्या पुढे काही ऐकूच येत नव्हतं.

मग बाबा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, “गाडी तुझ्याच दारात राहणार होती. मोठी म्हणून. एकाला हलायचं झालं तर तुझ्याकडेच हलणार. दुसरं कोण आहे आम्हाला? पण तुला विचारायचं कसं? तुझ्या घरात आधीच पाच. गाडीत जागा केली की घरात आपोआप होते, असं मला वाटलं.”

आई मागून म्हणाली, “अहो, तिला चालवू दे.”

मी चालवली. उत्तर दिलं नाही. ‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो? एक अक्षर. मी त्यांना घराशी सोडलं, बाबांनी नेहमीसारखं गाडीच्या टपावर थोपटलं. दोघं पायऱ्या चढेपर्यंत भांडतच होती. “उद्यापासून अंडं उकडायला शिका.” “तू दिवा मालवून झोपायला शीक.”

मी माझी गाडी काढली आणि इथे आले.

२ मार्च, रविवार

सकाळी नवऱ्याशी बोलले. गॅलरीत तो मुलांचे बूट घासत होता. सगळं ऐकून घेतलं. ब्रश थांबवला.

“तुला काय हवंय?” त्याने विचारलं.

हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. खरं ते सांगितलं. आई किंवा बाबा, जे कुणी उरेल ते माझ्याकडेच आलं पाहिजे. आणि त्या विचाराने छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. दोन्ही खरं आहे. एक खरं मानलं म्हणून दुसरं खोटं होत नाही.

“मलाही दडपण येईल,” तो म्हणाला. “पण त्यांना दुसरीकडे ठेवून मला जेवण जायचं नाही.” मग जरा वेळाने, “खोल्या तीनच आहेत. आपली, मुलांची आणि आईची. आईच्याच खोलीत पलंग लागेल. तिला विचारावं लागेल. मी विचारू का?”

“नको. मी विचारते.”

नको का म्हणाले? त्याची आई आहे, तो विचारेल तर त्या नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच नको. त्यांना नाही म्हणता आलं पाहिजे. बाबा आले तर खोल्यांची वेगळीच उलथापालथ करावी लागेल, मुलांना बाहेर झोपावं लागेल. तेही बोलायला हवं. सासूबाईंची ती एवढीशी खोली, त्यातला त्यांचा रेडिओ, पहाटेचं खोकणं, दार लावून बसायची सवय. तिथे दुसरं माणूस! मी स्वतःच्या खोलीत तसं कुणाला घेतलं असतं का? नसतं. आणि त्यांच्याकडे मागायला निघाले आहे.

एक मात्र तपासून बघितलं. मला खरंच कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं? फाटकाचं विचारलं तेव्हा? ‘मला उपयोग दिसत नाही’ म्हणाले तेव्हा? काटा मध्ये थरथरतो आहे, कुठेच टेकत नाही. राहू दे तसाच.

दुपारी बाबांचा फोन. “ती छोटी पक्की करून टाकतो. राखाडी. तू म्हणतेस ते बरोबर आहे.”

“थांबा बाबा. काही पक्कं करू नका.”

“का?”

“ती पेटी बघू परत. सात जणांची. सलग बाकाची.”

“सात कशाला?”

“तुमच्यात आधी कोण ते ठरलेलं नाही अजून. ठरेपर्यंत दोघंही बसा.”

ते हसले. हसता हसता खोकले. मागून आईचा आवाज आला, “काय म्हणते?” आणि बाबा तिला म्हणाले, “तुला मोजलंय.” मग मला हळू आवाजात, “आणि घरात?”

मी म्हटलं, “उद्या सांगते बाबा.”

“घाई नाही,” ते म्हणाले. आवाजात मात्र होती.

संध्याकाळी सासूबाईंनी हाक मारली. वारा लागतो म्हणून पलंग भिंतीला सरकवून हवा होता. मी आणि थोरलीने सरकवला. पलंग होता तेवढी जमीन खिडकीखाली मोकळी निघाली, म्हणून मी म्हटलं, इथे ते छोटं टेबल ठेवू का? तर म्हणाल्या, “नको. राहू दे मोकळं. तू मोठमोठ्या वस्तू आणून ठेवतेस आणि मग मला वाट राहत नाही.” मला ओरडल्याच. त्यांचा असा मूड असताना विषय काढणं शक्य नव्हतं. खोली आवरून नुकती कुठे त्यांच्या मनासारखी झाली आहे आणि त्यातच मी हे घेऊन जायचं! जेवताना दोनदा तोंडाशी आलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी भाताकडे.

उद्या : शोरूमला फोन करण्याआधी सासूबाईंना विचारायचं.